जड खाली, अर्थ आधी

२०२२ च्या मे महिन्यात अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, आमच्या टीममधल्या सगळ्यात धाकट्या पोराच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळे चेंगरली. 'माझ्यामुळे' हा शब्द मी विचार करून वापरतोय. रॅक मी त्याच्या अंगावर लोटला नव्हता. पण त्याच्या आधीच्या दोन तासांत मी तीन गोष्टी करायच्या राहू दिल्या आणि एक गोष्ट चुकीची सांगितली. त्या चारही गोष्टींचा इतिहास शंभर वर्षांहून जुना निघाला. तो मला आधी माहीत असता, तर तो पोरगा आज माझ्याबरोबर काम करत असता.

रॅक तुम्ही नक्की पाहिलाय. बँकेत, कॉलेजात, हॉस्पिटलात एखाद्या थंड खोलीत काळं, जाळीच्या दाराचं लोखंडी कपाट उभं असतं. आत हिरवे-निळे दिवे लुकलुकतात आणि पंख्यांची घरघर चालू असते. हा लेख तुमच्या फोनवर उघडला, तो अशाच कितीतरी कपाटांतून वाट काढत आला. आम्ही ती कपाटं उभी करतो, त्यात यंत्रं बसवतो आणि त्यांना वीज देतो. काम एवढंच.

त्या दिवशी कारखान्याची सर्व्हर रूम एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायची होती. नवा रॅक चाकांवर होता. 'नंतर भिंतीला सरकवू' म्हणून तो खोलीच्या मधोमध उभा. चाकांच्या शेजारी फिरवून खाली टेकवायचे चार पाय असतात, ते वरच होते. यूपीएस आणि बॅटऱ्या तळाशी बसवायच्या होत्या, पण त्यांचा टेम्पो अडकलेला. थांबायला वेळ नव्हता. म्हणून जे हाताशी आलं ते बसवलं: वर दोन छोटे स्विच, छातीच्या उंचीला ४५ किलोचा स्टोरेजचा डबा. खालचा अर्धा रॅक रिकामा. सगळं चालू करून पाहिलं, चाललं.

दुपारी तो पोरगा म्हणाला, "दादा, रॅकला हात लावला की झिणझिण्या येतात."

मी म्हणालो, "पुठ्ठ्यावर उभा राहा."

आमच्या धंद्यात हे सगळेच म्हणतात. तो खोक्याचा पुठ्ठा टाकून त्यावर उभा राहिला. डब्याच्या बाजूला असलेला सिरियल नंबर वाचण्यासाठी त्यानं डबा रेल्सवरून पूर्ण बाहेर ओढला आणि रॅक त्याच्या अंगावर यायला लागला. माणूस अशा वेळी पळत नाही, हात पुढे करतो. त्यानंही दोन्ही हात लावले, पाय मागे घ्यायला गेला आणि गुळगुळीत फरशीवर पुठ्ठा सरकला. समोर टेबल होतं म्हणून रॅक पूर्ण पडला नाही. डब्याची कड टेबलावर टेकली. मध्ये त्याची बोटं होती.

मामांचे तीन प्रश्न

माझे मामा नाशिकरोडला राहतात. १९८६ साली टेलिफोन खात्यात लागले आणि २०२० मध्ये बाहेर पडले. सगळी नोकरी एक्स्चेंजमध्ये. त्या रात्री हॉस्पिटलातून मी थेट त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आधी पोराची चौकशी केली, मग तीन प्रश्न विचारले.

"तळाला काय होतं?"

"काही नाही."

"पाय टेकवले होते? जमिनीला बोल्ट?"

"नाही."

"अर्थिंग कुणी तपासलं?"

मी गप्प.

"मग तुम्ही रॅक उभा केला नव्हता," मामा म्हणाले, "नुसता ठेवला होता."

मी म्हणालो, मामा, तुमचं एक्स्चेंज वेगळं, आमचं काम वेगळं. ते हसले नाहीत, चिडलेही नाहीत. "एकोणीस इंची आहे ना तुमचा रॅक?" त्यांनी विचारलं. "मग वेगळं काय? ते माप आमचंच आहे."

ते खरं होतं. मी घरी जाऊन वाचायला बसलो आणि पुढचे कित्येक दिवस वाचत राहिलो.

मापाचा जन्म

२५ जानेवारी १९१५ रोजी न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को पहिली टेलिफोन लाइन समारंभपूर्वक सुरू झाली. एका टोकाला स्वतः अलेक्झांडर ग्रॅहम बेल होते, दुसऱ्या टोकाला त्यांचा जुना सहकारी थॉमस वॉटसन. एवढ्या लांब तारेत आवाज विरून जातो, म्हणून वाटेत व्हॅक्यूम ट्यूबचे अँप्लिफायर बसवून तो पुन्हा उचलावा लागे. या यंत्रांना रिपीटर म्हणत. लांबच्या लाइनी वाढल्या तसे रिपीटर वाढले आणि टेलिफोनच्या इमारतींत जागा पुरेना.

१९२२ च्या सुमारास अमेरिकेच्या एटी अँड टी कंपनीनं यावर उपाय म्हणून एक माप ठरवलं. प्रत्येक यंत्राची पुढची पट्टी १९ इंच रुंद, म्हणजे ४८२.६ मिलिमीटर. उंची पावणेदोन इंचाच्या पटीत, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, किंवा त्याच्या दुप्पट, तिप्पट. दोन उभे लोखंडी खांब, त्यांना भोकं, त्यावर यंत्रं एकावर एक. रिलेसुद्धा त्यावरच बसत, म्हणून नाव पडलं रिले रॅक.

हेच माप पुढे रेडिओ स्टेशनांनी घेतलं, रेकॉर्डिंग स्टुडिओंनी घेतलं, दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी यंत्रांनी घेतलं आणि मग कॉम्प्युटरनं घेतलं. आज सर्व्हर विकत घेताना '१यू', '२यू' असं लिहिलेलं असतं. तो एक 'यू' म्हणजे तोच पावणेदोन इंच. बाजारातला नेहमीचा ४२ यू रॅक म्हणजे ४२ गुणिले ४४.४५, सुमारे १८६७ मिलिमीटर बसवायची जागा. त्याच्या खांबावरची भोकं सारख्या अंतरावर नसतात. ती १५.९, १५.९ आणि १२.७ मिलिमीटर अशा क्रमानं येतात. केज नट एक भोक चुकला की सगळं यंत्र तिरकं का बसतं, हे मला सात वर्षं काम करून माहीत नव्हतं. फक्त शिव्या द्यायचं माहीत होतं.

वजन कुठे जातं

मामा लागले तेव्हा एक्स्चेंजमध्ये स्ट्राउजर यंत्रं होती. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत आल्मन स्ट्राउजर नावाचा गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करायचा. ऑपरेटर बाई आपली गिऱ्हाइकं दुसऱ्याकडे जोडून देते असा त्याला संशय होता, अशी गोष्ट सांगतात. त्यानं ऑपरेटरच नको म्हणून यंत्र बनवलं. पेटंट १८९१ चं, पहिलं एक्स्चेंज १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३-१४ मध्ये सिमल्याला आलं. स्वातंत्र्यानंतर बंगळूरच्या आयटीआयमध्ये, म्हणजे १९४८ साली निघालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजमध्ये, ही यंत्रं आपल्याकडेच बनू लागली.

"छताला भिडलेले लोखंडी रॅक," मामा सांगत होते. "ओळीच्या ओळी. चाकाच्या शिडीवर चढून काम करायचं. खाली जमिनीत बोल्ट आणि वर सगळ्या रॅकना आडव्या लोखंडी पट्ट्यांनी बांधून टाकलेलं. एक रॅक एकटा उभाच नसायचा. पडेल कसा?"

आमचा कसा पडला, याचा हिशोब मी नंतर कागदावर मांडला. लहानपणी सी-सॉवर बसलेल्या कुणालाही तो कळेल.

रिकामा रॅक ७० किलोचा. त्याचं वजन मध्यावर एकवटलंय असं धरू. पण रॅक पुढच्या कडेवर उलटत नाही, पुढच्या चाकांवर उलटतो. आमच्या रॅकची चाकं पुढच्या कडेच्या पंधरा सेंटिमीटर आत होती, म्हणून तो मध्य चाकांच्या फक्त २५ सेंटिमीटर मागे आला. ७० गुणिले २५ म्हणजे १७५०. ही रॅकला मागे धरून ठेवणारी ताकद. आता डबा ४५ किलोचा. पूर्ण बाहेर ओढल्यावर त्याचा मध्य चाकांच्या ५० सेंटिमीटर पुढे गेला. ४५ गुणिले ५० म्हणजे २२५०. १७५० विरुद्ध २२५०. रॅक पडणारच होता. तो पोरगा नसता, तर मी असतो.

याच हिशोबात तळाशी यूपीएस आणि बॅटऱ्यांचे सव्वाशे किलो टाका. ते १२५ गुणिले २५, म्हणजे आणखी ३१२५ मागच्या बाजूला जमा होतात आणि रॅक हलत नाही. पाय खाली टेकवले असते, तर टेकण पुढे सरकलं असतं. चार बोल्ट असते, तर हिशोबच करावा लागला नसता. 'जड खाली, एका वेळी एकच यंत्र बाहेर' हा नियम प्रत्येक यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत असतो. पुस्तिका आम्ही खोक्यातच फेकतो.

एक गोष्ट मामांनी आणखी सांगितली: खालची जमीन. भरलेला रॅक सहाशे किलोचा सहज होतो आणि तो पाऊण चौरस मीटरही जागा घेत नाही. आपल्याकडे घराचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे २०० किलो भाराच्या हिशोबानं बांधतात. कॉलेज रोडला किंवा गंगापूर रोडला कितीतरी फ्लॅटमध्ये ऑफिसं थाटलेली आहेत आणि त्यांच्या बेडरूमची सर्व्हर रूम झालेली आहे. रॅक तिथे मधोमध न ठेवता बीमजवळ किंवा भिंतीलगत ठेवावा आणि आधी इंजिनिअरला विचारावं, एवढं तरी मी आता करतो.

बॅटरी रूमच्या दाराची खुंटी

टेलिफोन एक्स्चेंजला वीज गेलेली चालत नाही. म्हणून तिथलं सगळं बॅटरीवर चालायचं आणि मेन लाइन फक्त बॅटरी भरायची. शिशाचा एक सेल दोन व्होल्टचा. असे २४ ओळीनं जोडले की ४८ व्होल्ट. जगभरची बरीचशी एक्स्चेंज याच ४८ व्होल्टवर आली आणि मोबाइलचे टॉवरही बहुतेक याच व्होल्टेजवर चालतात. या बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं असतं. जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारा ओलाव्यानं झिजतात. तारेचं व्होल्टेज जमिनीपेक्षा खाली ठेवलं की ती झीज कमी होते.

४८ व्होल्ट हा साधारणपणे शॉक देणारा दाब नाही. "म्हणूनच जास्त भीती," मामा म्हणाले. "शॉक बसत नाही म्हणून माणूस बिनधास्त होतो. पण पाना दोन टोकांवर आडवा पडला, तर पाना उरत नाही." एवढ्या मोठ्या बॅटरीला तारेचा अडथळा जवळजवळ शून्य मिळाला, की हजारो अँपिअर वाहतात. धातू लाल होतो, वितळतो. बोटात अंगठी असेल, तर तीही.

मामांच्या एक्स्चेंजमध्ये बॅटरी रूमच्या दाराला आतून एक लाकडी खुंटी होती. घड्याळ, अंगठी, कडं, गळ्यातली साखळी, सगळं तिथे अडकवूनच पुढे जायचं. पान्यांच्या मुठींना टेप गुंडाळलेली. आत विडी-सिगारेट नाही, कारण बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो. रोज ठरलेल्या सेलचं व्होल्टेज आणि आम्लाची घनता मोजून वहीत लिहायची. घनता १.२ च्या आसपास हवी. खाली तारीख आणि सही. लग्नानंतर पहिल्या दिवशी कामावर आलेल्या एका सहकाऱ्यानं नवी अंगठी खुंटीला अडकवायला नकार दिला. साहेबांनी त्याला आत जाऊ दिलं नाही आणि त्या दिवसाची रजाही लावली. "तेव्हा आम्हाला साहेब खडूस वाटला," मामा म्हणाले.

नदी, पाषाण आणि झिणझिण्या

आता तिसरा प्रश्न: अर्थिंग.

जमीन ही तार म्हणून वापरता येते, हे माणसाला तारायंत्रानं शिकवलं. १८३८ मध्ये जर्मनीत कार्ल फॉन स्टाइनहाइलनं दाखवलं की परतीची तार नसली तरी चालते, दोन्ही टोकं जमिनीत पुरा. १८३९ मध्ये कलकत्त्याजवळ विल्यम ओ'शॉनेसी या डॉक्टरनं मैलोगणती तार ताणून प्रयोग केले, तेव्हा त्यानं मंडलाचा एक भाग म्हणून हुगळी नदीचं पाणी वापरलं. पुढे याच माणसाच्या देखरेखीखाली १८५५ च्या सुरुवातीपर्यंत कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेनं जोडली गेली. निम्मी तार जमिनीची, फुकट.

पण जमीन सगळीकडे सारखी नसते. नाशिक बसलंय दख्खनच्या काळ्या पाषाणावर. पांडवलेणी ज्यात कोरली, काळाराम मंदिर ज्याचं बांधलं, तो दगड. कोरड्या पाषाणातून वीज सहज जात नाही. वर काळी माती असेल तिथे पावसाळ्यात अर्थिंग झकास असतं. मे महिन्यात तीच माती भेगाळते. म्हणून पिटमध्ये कोळसा आणि मीठ घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात. मामांच्या शब्दांत, "तुळशीला घालता तसं अर्थिंगलाही पाणी घालायचं असतं."

आमच्या धंद्यात मात्र अर्थिंग म्हणजे प्लगची तिसरी पिन. ती आत कुठे जाते हे कुणी बघत नाही.

आता झिणझिण्यांचं. प्रत्येक सर्व्हर आणि स्विचच्या पॉवर सप्लायमध्ये आवाज गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून यंत्राच्या पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून सतत थोडी वीज पत्र्यावर गळते, नियमानुसार एका यंत्रातून ३.५ मिलिअँपिअरपर्यंत चालते. अर्थिंग असेल, तर ती मुकाट्यानं जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेलं असेल, तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगायला लागतो आणि गळती जायला वाट शोधते. ती वाट म्हणजे तुमचा हात.

दोन-तीन यंत्रं असतील, तर झिणझिण्या. पण एका रॅकमध्ये वीस यंत्रं असतील आणि प्रत्येकातून एकेक मिलिअँपिअर आला, तरी वीस होतात. साधारण दहाच्या पुढे माणसाला पकडलेली वस्तू सोडणं अवघड होऊ लागतं. म्हणूनच बऱ्याच यंत्रांच्या पाठीवर सूचना छापलेली असते, की आधी अर्थिंग जोडा, मगच वीज. पाठ भिंतीकडे असते, त्यामुळे ती कुणी वाचत नाही.

अपघातानंतर आम्ही कारखान्याच्या मागे गेलो. पिटचं झाकण उघडलं. आत कोरडी माती, एक मेलेली पाल आणि गंजून गळून पडलेला बोल्ट. पट्टी आणि पाइप यांच्यात बोटभर अंतर होतं. तो पोरगा मला दुपारीच हे सांगत होता. त्याच्या हातांना कळलं होतं. मी त्याला पुठ्ठा दिला.

माप आलं, माणसं आली नाहीत

जुन्या काळाचं गुणगान करायला मी बसलेलो नाही. मामाही करत नाहीत. "शिस्त होती, पण फोन कुठे होता?" ते म्हणतात. नंबर लावून लोक वर्षानुवर्षं थांबायचे.

ती कोंडी फोडायला ऑगस्ट १९८४ मध्ये सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं सी-डॉट ही संस्था निघाली. तिनं बनवलेलं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज १९८६ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या कित्तूरला बसलं. १२८ पोर्टचं यंत्र, एका छोट्या कपाटात मावणारं, एसीशिवाय धूळ आणि उन्हात चालणारं. छतापर्यंत पोचलेल्या लोखंडी ओळींच्या जागी आता ग्रामपंचायतीच्या खोलीतलं कपाट आलं. फोन गावात पोचला. मामांनी हे बदलताना पाहिलं आणि त्यांना त्याचा अभिमान आहे.

पण कपाट लहान झालं तशी त्याच्याभोवतीची माणसंही कमी झाली. १ ऑक्टोबर २००० रोजी खात्याची बीएसएनएल झाली. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून ७८ हजारांहून जास्त लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. मामा त्यातलेच एक. त्याच काळात रॅकची संख्या मात्र वाढतच होती. सातपूरला ईएसडीएससारखं आख्खं डेटा सेंटर उभं राहिलं. शाळा, दवाखाने, द्राक्षांची पॅकहाउसं, सगळीकडे एकेक काळं कपाट आलं. ती कपाटं उभी करायला माझ्यासारखी पोरं लागली, कामाप्रमाणे पैसे घेणारी, व्हिडिओ बघून शिकलेली. एकोणीस इंच आमच्यापर्यंत आले. खुंटी, वही आणि खडूस साहेब आले नाहीत. ते कुठल्याही खोक्यातून येत नाहीत. एक माणूस दुसऱ्याला देतो, तेव्हाच येतात.

हे फक्त छोट्या कंत्राटदारांचं दुखणं आहे, असं समजू नका. २७ फेब्रुवारी १९७५ रोजी न्यूयॉर्कच्या सेकंड अव्हेन्यूवरच्या टेलिफोन इमारतीत केबलच्या तळघरात आग लागली आणि सुमारे १ लाख ७० हजार फोन बंद पडले. ते पुन्हा सुरू करायला तीन आठवडे लागले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला ओव्हीएच कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून गेलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी दक्षिण कोरियात डेजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये यूपीएसच्या लिथियम बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली आणि सहाशेहून जास्त सरकारी सेवा बंद पडल्या. एवढ्या मोठ्या ठिकाणीही बॅटऱ्या हलवणारे हात माणसांचेच असतात.

दुसऱ्यांदा

दहा दिवसांनी आम्ही तो रॅक पुन्हा उभा केला. मामा आले. प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले आणि कशालाही हात लावला नाही.

आधी जागा. मग गवंड्याची पाणसळ ठेवून रॅक सरळ केला, पाय टेकवले, फरशीत चार अँकर बोल्ट मारले. मग पिट. माती काढून कोळसा-मीठ भरलं, नवा क्लँप लावला, चार बादल्या पाणी ओतलं. तिथून रॅकच्या सांगाड्यापर्यंत हिरवी तार आणली आणि मीटरनं तपासली. तोवर एकही यंत्र रॅकमध्ये नव्हतं.

मग तळाला बॅटऱ्या आणि यूपीएस. स्टोरेजच्या डब्यातून पॉवर सप्लाय आणि डिस्क आधी बाहेर काढल्या. डबा निम्मा हलका झाला. दोघांनी उचलला, खाली आधाराला अँगल लावले, आधी खालचे स्क्रू, मग वरचे. शेवटी स्विच.

विजेला आम्ही संध्याकाळी हात घातला. रॅकच्या मागे दोन पट्ट्या, दोन वेगळ्या एमसीबींवर. १६ अँपिअरची पट्टी म्हणजे २३० व्होल्टला ३६८० वॉट. कायमचा भार त्याच्या ८० टक्क्यांवर, साधारण २९०० वॉटवर जाऊ द्यायचा नाही. पण प्रत्येक यंत्राला दोन पॉवर सप्लाय, एक या पट्टीत, एक त्या पट्टीत. एक पट्टी गेली की सगळा भार दुसरीवर येणार. म्हणजे दोन्ही मिळूनच २९०० च्या आत. मी आजवर दोन्ही पट्ट्या भरून टाकायचो आणि याला बॅकअप म्हणायचो.

एकेक यंत्र चालू केलं. मी उलट्या हातानं पत्र्याला स्पर्श केला. लोखंड थंड होतं, बाकी काही नाही. मामा उठले, रॅकच्या दाराकडे बघून म्हणाले, "खुंटी लावा एक." आम्ही लावली.

त्या पोराची एक बोट सरळ झालं, एक झालं नाही. त्यानं हे काम सोडलं. आता ओझरला भावाच्या दुकानात बसतो. मी भेटायला गेलो तेव्हा त्यानं एकच विचारलं, "दादा, त्या झिणझिण्या कशानं येत होत्या?" मी त्याला कपॅसिटर, पिट, गळालेला बोल्ट, सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर होतो."

हो, तो बरोबर होता.

२०२७ च्या सिंहस्थासाठी नाशकात आणि त्र्यंबकला घाईघाईनं कितीतरी रॅक उभे राहतील. ते उभे करणारी पोरं तुमच्या-माझ्या वयाची असतील, कदाचित तुमच्यापैकीच कुणी असेल. माझ्या प्रत्येक रॅकच्या दारावर आतून आता एक वही लटकते. तीत तारीख, पिटला पाणी घातलं का, अर्थिंगची नोंद आणि सही. आणि माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच सांगतो: झिणझिण्या आल्या की मला हाक मार, मेन बंद कर आणि मी येईपर्यंत रॅकला हात लावू नकोस.